डोकं, गळा, बोटं: स्टील स्पारिंगचं साहित्य परवडेल असं कसं जमवलं

गेल्या महिन्यात आमच्या तलवारबाजीच्या क्लबच्या वहीत माझ्या नावापुढे ‘स्टील स्पारिंगला परवानगी’, म्हणजे स्टीलच्या तलवारीने सरावाची लढत खेळायला परवानगी, अशी नोंद झाली. जानेवारीत सुरू केलेला हा उद्योग नोव्हेंबरात तडीस गेला. तलवार चालवायला शिकण्यात जेवढा वेळ गेला, त्याहून जास्त मापं घेण्यात, वाट बघण्यात आणि लोकांचं जुनं साहित्य उलटंपालटं करून पाहण्यात गेला. सुरुवातीला शोधाशोध केली तेव्हा दोनच प्रकारचे सल्ले मिळाले. एक म्हणजे ‘ही वीस वस्तूंची यादी, सगळं घ्याच’, आणि दुसरा ‘काही लागत नाही, जपून खेळायचं’. पैसे बेताचे आहेत पण बोटंही शाबूत हवीत, अशा माणसाने काय करायचं हे कुणी नीट सांगेना. म्हणून हे लिहितेय.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपातल्या तलवारबाजांनी, मुख्यतः चौदाव्या ते सोळाव्या शतकात, लिहून आणि चितारून ठेवलेल्या हस्तलिखितांवरून ती विद्या पुन्हा उभी करायची, याला हेमा म्हणतात. त्यातली मी शिकते ती दोन हातांनी धरायची लांब तलवार. सरावासाठी बोथट कडेची, लवचीक पात्याची स्टीलची तलवार असते, तिला फेडर म्हणतात. ऑलिम्पिकमधल्या फेन्सिंगच्या हलक्या तलवारींपैकी फॉइलचं वजन नियमाने ५०० ग्रॅमपेक्षा कमी आणि एपेचं ७७० ग्रॅमपेक्षा कमी असावं लागतं. फेडर साधारण १.३ ते १.६ किलोची, आणि ती दोन्ही हातांच्या जोराने फिरते. साहित्य निवडताना सगळ्यात जास्त गोंधळ याच फरकामुळे होतो. बाजारात सहज मिळणारं बरंचसं साहित्य हलक्या शस्त्रांसाठी बनलेलं असतं. ते टोचण्यापासून उत्तम वाचवतं, दणक्यापासून तितकं नाही.

जानेवारीत क्लबात नाव घातलं तेव्हा आधी कागद. धोक्याची जाणीव असल्याचं सहीचं पत्र, तातडीच्या संपर्काचं नाव, जुन्या दुखापती, डोक्याला पूर्वी मार लागला आहे का, चष्मा आहे का. डोक्याच्या मारावर स्वतंत्र रकाना होता आणि त्यात ‘नाही’ लिहून पुढे जाता येत नव्हतं. प्रशिक्षक समोर बसून विचारत होते. हा रकाना इतका मोठा का, हे पुढे कळलं. तोंडावर चढवायचा जाळीचा मास्क कितीही महागाचा घेतला तरी मेंदूला बसणारा हादरा तो पूर्णपणे थांबवू शकत नाही. कवटीला काही होत नाही, आत मात्र धक्का पोचतो. त्यामुळे आमच्याकडे डोक्यावर जोराचा फटका बसून गरगरलं किंवा मळमळलं तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपतो, मास्क कुठल्याही प्रतीचा असो.

पहिले काही महिने काहीही विकत घेतलं नाही, आणि नवख्याला मी हेच सांगेन. बऱ्याच क्लबांकडे उधारीचं साहित्य असतं. वास येतो, पट्टे सैल असतात, मापाचं मिळेलच असं नाही. पण त्या निमित्ताने कुठल्या घडणीची वस्तू आपल्या अंगाला बसते हे फुकटात समजतं. सुरुवातीचं स्पारिंग नायलॉनच्या तलवारीने, ठरवून हळू, आणि सोबत मास्क, गळ्याचं कवच व मध्यम जाडीचे ग्लोव्हज. या टप्प्याला लॅक्रोस या मैदानी खेळाचे ग्लोव्हज चालून जातात. स्टीलला ते चालणार नाहीत, कारण बोटांची टोकं आणि अंगठ्याची बाजू उघडी राहते. मी तर सवयीने क्रिकेटचे बॅटिंग ग्लोव्हजही हातात घालून पाहिले. बोटांवर गादी आहे, पण ती समोरून येणाऱ्या चेंडूसाठी. तलवारीचं पातं बोटाच्या टोकावर, नखावर, दोन गाद्यांच्या फटीत, कुठूनही येतं.

मार्चअखेर ठरवलं की सोडायचं नाही, म्हणजे आता पैसे काढायला हवेत. प्रशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, “आधी डोकं, मग गळा, मग हात. जॅकेट त्यानंतर. तलवारीचं नाव काढू नका एवढ्यात.” सगळ्यांना मोह असतो तो बरोबर उलटा. फेडर घरी आली की खोलीत उभं राहून आरशासमोर फिरवता येते, गॉर्जेट, म्हणजे गळ्याचं कवच, घालून काय करणार?

किमतीचा अंदाज यावा म्हणून मी सगळं मास्कच्या किमतीत मोजत होते, कारण आकडे देशागणिक आणि चलनागणिक बदलतात, प्रमाण मात्र फारसं बदलत नाही. मास्कची किंमत एक धरली, तर गॉर्जेट पाव ते अर्धा, जॅकेट दोन ते तीन, स्टीलला चालतील असे ग्लोव्हज दीड ते अडीच, कोपर-गुडघे-नडग्या मिळून सुमारे एक, आणि फेडर दोन ते तीन. म्हणजे तलवार बाजूला ठेवली तरी सहा ते आठ मास्कची रक्कम. एकदम हा खर्च बघितला की माणूस दुसरा छंद शोधतो. आठ-नऊ महिन्यांत विभागला आणि दोन-तीन वस्तू जुन्या घेतल्या की जमतो.

मास्क एप्रिलमध्ये घेतला, नवा. जुना स्वस्तात मिळत होता आणि तो मी मुद्दाम घेतला नाही. मास्कची जाळी एकदा आत दबली की तिथे ती कमजोर झालेली असते, आणि वरून रंग मारलेला असला तर ते दिसतही नाही. स्पर्धांमध्ये जाळी तपासायला स्प्रिंगचा टोकदार पंच असतो, तो १२ किलोच्या दाबाने जाळीत घालतात आणि जाळी वाकते का पाहतात. तुमच्या ओळखीत असा पंच असलेला कुणी असेल तर जुना मास्क जरूर बघा. नसेल तर ही एक वस्तू नवी घ्या.

मास्कवर ईएन १३५६७ हे मानक छापलेलं असतं आणि सोबत ३५० किंवा १६०० न्यूटन असा आकडा. हा आकडा गळ्यासमोर लोंबणाऱ्या कापडी पट्टीला, म्हणजे बिबला, भेदायला किती जोर लागतो तो सांगतो. आमच्या क्लबात १६०० सक्तीचा आहे, बऱ्याच ठिकाणी ३५० चालतो. यादी बघून घ्या, कारण एकदा घेतलेला मास्क बदलायचा म्हणजे पुन्हा पूर्ण खर्च.

माप घेताना विक्रेत्याच्या तक्त्यातलं चित्र नीट बघा. कुणी हनुवटीखालून वळसा मागतो, कुणी कपाळाभोवतीचा. माझं डोकं दोन मापांच्या मधलं निघालं आणि चष्मा आहे, म्हणून दुकानातच घालून पाहिलं. लहान मापात चष्म्याच्या काड्या कानशिलावर रुतत होत्या. मोठ्यात मान झटकली की जाळी नाकाकडे सरकत होती. मागची स्प्रिंगची पट्टी हाताने हळूहळू आत वाकवता येते. ती वाकवल्यावर मोठा मास्क बसला. तपासायची सोपी रीत अशी: मास्क घालून मान जोरात ‘नाही नाही’ अशी हलवायची, मग पुढे वाकून तीच. चेहरा हलला आणि मास्क मागून आला तर तो सैल आहे. हनुवटी आतल्या गादीत टेकलेली हवी. चष्मेवाल्यांनी लहान फ्रेम आणि मागे लवचीक पट्टा वापरावा. धुकं धरतंच. काचांवर लावायचा द्रव बरा पडतो, पण खरा इलाज म्हणजे प्रत्येक खेळीनंतर मास्क काढणं.

या मास्कला मागे काहीच नसतं, फक्त पट्टे. साध्या फेन्सिंगमध्ये प्रतिस्पर्धी समोरच असतो आणि शस्त्र हलकं, त्यामुळे तिथे गरज पडत नाही. लांब तलवारीत वार डोक्याला वळसा घालून येतो, आणि नवखा माणूस घाबरला की तोंड फिरवून डोक्याची मागची बाजूच पुढे करतो. म्हणून मास्कवर चढवायचं जाड, गादीचं आवरण वेगळं मिळतं, त्यात मागच्या भागाला कडक पत्रा किंवा प्लॅस्टिक असतं. मी चामड्याचं आवरण एका जुन्या सभासदाकडून घेतलं, नव्याच्या निम्म्यात. घेताना शिवण आणि मागची कडक पाटी मानेच्या वर कुठपर्यंत येते एवढंच बघितलं. मान वर केली की पाटी पाठीच्या मणक्यावर आपटता कामा नये.

गॉर्जेट म्हणजे गळ्याभोवती बसणारं कडक कवच. सगळ्या खरेदीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी चर्चेचं. मास्कचं बिब खालून वर येणाऱ्या टोकाने उचललं जातं, आणि त्यामागे मग फक्त त्वचा. म्हणून गळ्याच्या खड्ड्यावर कडक प्लॅस्टिकची वाटी असलेलं घ्या; नुसती फोमची पट्टी गळ्यासाठी पुरत नाही. काहींना खाली गळपट्टीसारखा भाग येतो, तो गळ्याखालच्या आडव्या हाडांवर पडतो. तो असलेला चांगला, वरून येणारे वार त्याच हाडांवर उतरतात. मी घालून पाणी पिऊन पाहिलं आणि खाली बघून बुटाची लेस बांधून पाहिली. गिळताना वाटी टोचत असेल तर तुम्ही ती खेळताना सैल करणार हे नक्की, आणि सैल गॉर्जेट म्हणजे नसल्यातच जमा.

आता हात. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि घालवायलाच हवा. या खेळात बोटांना मार बसणं फार नेहमीचं आहे, कारण बोटं तलवारीच्या अगदी पुढे असतात आणि त्यांच्या मागे लाकडी मूठ असते. पातं बोटावर आलं की बोट ऐरणीवर ठेवल्यासारखं मध्ये चेपतं. तिथे नुसती जाड गादी उपयोगाची नाही. हवं असतं ते कडक कवच, जे मार घेऊन तो आजूबाजूला मुठीकडे उतरवेल आणि बोटाला भार लागू देणार नाही. अंगठ्याचं दुखणं आणखी निराळं. जर्मन पद्धतीत काही वारांना अंगठा पात्याच्या सपाट बाजूवर टेकवतात, म्हणजे तो मुठीच्या पुढे, आडव्या दांडीजवळ जातो. अंगठ्याचं कवच आखूड असलं तर नख उघडं. लांब आणि ताठ असलं तर अंगठा तिथे पोचतच नाही.

मोठे, बोटं एकत्र बांधलेले मिटनसारखे प्रकार आणि पाचही बोटं सुटी असलेले प्रकार, दोन्ही मिळतात. मिटन स्वस्त आणि सुरक्षित, पण पकड बदलताना हात जड वाटतो. सुट्या बोटांचे हालचालीला छान आणि किमतीला भारी. माझे हात लहान आहेत, त्यामुळे निम्मे प्रश्न आपोआप सुटले: बऱ्याच नमुन्यांत माझ्या मापाचं नव्हतंच, किंवा ‘लहान’ म्हणून जे येत होतं त्यात बोटांची टोकं कवचाच्या टोकापासून पेरभर आत राहत होती. असं राहिलं की कवचाचा सांधा बोटाच्या सांध्यावर येत नाही, आणि मूठ वळली की पट्टीची कड बरोबर नखावर बसते.

हे कसं तपासायचं ते क्लबातल्या एका ताईंनी दाखवलं. ग्लोव्हज घालून खरी तलवार धरायची, म्हणजे मुठीचा घेर खरा असतो. मग दुसऱ्याने लाकडी दांडक्याने एकेका बोटावर हलकेच टकटक करायचं, वरून, बाजूने आणि टोकावरून. टकटक मुठीत जाणवली तर ठीक. बोटात जाणवली तर तो सांधा उघडा आहे. माझ्या बाबतीत उधारीच्या जोडीतल्या मधल्या बोटावर आवाज कडक येत होता, करंगळीच्या टोकावर मात्र मऊ, आणि अंगठ्यावर नखाला अगदी बारीक टोचणी. ताई म्हणाल्या, “अगं, हळू मारल्यावर टोचतंय तर जोरात मारल्यावर काय होईल?” त्या जोडीवर फुली. मग मनगट: ग्लोव्हजची बाही जॅकेटच्या बाहीवर येते की आत जाते ते बघा, आणि तलवार डोक्यावर नेली की मधे कातडी दिसते का तेही. शेवटी अंगठा पात्यावर टेकवून परत मुठीवर आणायचा, न बघता.

मापाप्रमाणे बनवून मिळणारे मिटन मी मेमध्ये मागवले. हाताचा कागदावर काढलेला ठसा, मधल्या बोटाची लांबी, तळहाताचा घेर, अंगठ्याची लांबी, एवढं पाठवावं लागलं. दीड-दोन महिने सांगितले होते, तीन महिन्यांच्या वर गेले. मापाप्रमाणे बनणाऱ्या साहित्यात हे सर्रास होतं. स्पर्धेची तारीख धरून मागवू नका, आणि पैसे भरताना परत घेण्याची अट वाचा: बहुतेक ठिकाणी मापाचं बनवलेलं परत घेत नाहीत.

जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या जातात आणि पैसे तिथेच वाया जातात. कापडाला ३५० किंवा ८०० न्यूटन असा दर्जा असतो. तो कशासाठी आहे हे समजायला १९८२ ची रोमची जागतिक फेन्सिंग स्पर्धा आठवावी लागते. तिथे मॉस्को ऑलिम्पिकचा विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या प्रतिस्पर्ध्याच्या फॉइलचं पातं मोडलं आणि मोडकं टोक मास्क भेदून आत गेलं. काही दिवसांनी तो वारला. त्यानंतर मास्क, कपडे आणि पात्याचं पोलाद या तिन्हींचे नियम कडक झाले. म्हणजे न्यूटनचा आकडा मोडलेल्या, धारदार झालेल्या पात्याबद्दल आहे. ३५० न्यूटन म्हणजे एका टोकावर साधारण ३५ किलोचा भार, ८०० म्हणजे ८० किलोच्या आसपास. फटका किती मऊ होईल याच्याशी त्याचा संबंध नाही, ते काम आतल्या गादीचं. त्यामुळे ८०० न्यूटनचं पातळ जॅकेट घालून मार खाल्लात तर वळ उठणारच, आणि ३५० चं जाड जॅकेट कदाचित जास्त आरामाचं वाटेल.

उलट बाजूही लक्षात घ्या. ऐतिहासिक पोशाखासाठी शिवलेले जाड सुती अंगरखे दिसायला भारी असतात आणि मारही बरा झेलतात, पण मोडक्या पात्यापुढे त्यांची कसलीच हमी नाही. मी ३५० चं, गादी मध्यम जाडीचं, जुनं घेतलं. जॅकेट ही जुनी घ्यायला सगळ्यात सोपी वस्तू आहे. आतलं लेबल जागेवर आहे का, काखेतली शिवण उसवली आहे का, चेन पूर्ण वर जाते का आणि तिच्यावरची झाकणी बंद होते का, हे बघा. कुठे ठिगळ असेल तर त्याखाली काय झालं होतं ते सरळ विचारा. हाडकुळ्या माणसाने सैल घेऊ नये, गादी जागेवरून सरकते. हात वर करून पोट उघडं पडतं का पाहा. फेन्सिंगच्या नियमात जॅकेट पँटवर किमान १० सेंमी यावं असं आहे आणि तेच माप मी धरलं.

उकडतं. याबद्दल कुणी आधी सांगत नाही. जाड जॅकेट, मास्क, आवरण, सगळं चढवून पाच मिनिटं खेळणं म्हणजे गोधडी पांघरून जिना चढणं. पहिल्यांदा सगळं घालाल तेव्हा नुसतं चाला, सराव करा, स्पारिंग नको. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, चक्कर आल्यासारखं वाटलं तर आधी मास्क आणि गॉर्जेट काढा.

बायकांसाठी एक स्वतंत्र गोष्ट. छातीचं कडक प्लॅस्टिकचं कवच जॅकेटखाली घालतात. वाटीसारखे उभार असलेले आणि सपाट असे दोन प्रकार मिळतात. मला सपाट बरं पडलं, कारण टोक त्यावरून घसरून बाजूला जातं, उभारांच्या मधल्या खोलगट भागात अडकत नाही. जॅकेटचं माप हे कवच घालूनच घ्या. पुरुषांसाठी क्रिकेटचा अॅबडॉमिनल गार्ड पुरतो, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही.

उरलेल्या अंगासाठी इतर खेळांच्या दुकानात जा, इथे खरी बचत होते. कोपराला आइस हॉकीचे किंवा मोटोक्रॉसचे कडक वाटीचे पॅड, गुडघा-नडगीला मोटोक्रॉसचे एकत्र मिळतात ते, नुसत्या नडगीला फुटबॉलचे. स्केटिंगचे स्वस्त कोपर-पॅड जमिनीवर पडण्यासाठी बनलेले असतात, त्यात टोकावर कवच असतं पण बाजूला नसतं, आणि तलवार कोपराच्या बाहेरच्या बाजूलाच जास्त लागते. पुढच्या हाताला, मनगट ते कोपर, प्लॅस्टिकच्या पाइपचा उभा तुकडा गरम करून वाकवून आतून फोम लावलेलं कवच आमच्याकडे अनेकांनी घरी बनवलंय. जॅकेटखाली घातलं की छान चालतं. घरगुती जुगाड हातापायांना खुशाल करा. डोकं, गळा आणि बोटं यांना कधीही नाही.

ऑगस्टमध्ये कागदांचं खरं प्रकरण घडलं. वाहतूक वाचावी म्हणून माझे मिटन, काहींची जॅकेटं आणि दोघांच्या फेडर असं एकत्र मागवलं होतं. पाठवणाऱ्याने पार्सलवर सरळ ‘तलवारी’ लिहिलं, आणि सगळंच पार्सल सीमाशुल्कात अडकलं. जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणात तलवारी, संगिनी वगैरेंचं शीर्षक ९३०७ आहे आणि खेळाच्या साहित्याचं ९५०६. फेन्सिंगची शस्त्रं आणि संरक्षक साहित्य या दुसऱ्यात येतं. आमचं सामान पहिल्याखाली बघितलं जात होतं. मागितलेले कागद असे: मूळ पावती, पैसे भरल्याचा पुरावा, प्रत्येक वस्तूचं वर्णन, क्लबचं पत्र, आणि पातं बोथट असल्याचं दाखवणारं काही. आम्ही निर्मात्याकडून कडेची जाडी आणि गोल वळवलेलं टोक पट्टीशेजारी ठेवून काढलेले फोटो मागवले आणि पत्रात ९५०६ चा उल्लेख केला. ते मान्य झालं, पण काही आठवडे गेले, आणि गोदामात पडून राहिल्याचं भाडं वेगळं भरावं लागलं. कर, शुल्क आणि भाडं मिळून माझ्या वाट्याला जे आलं ते गॉर्जेटपेक्षा जास्त होतं. संरक्षक साहित्य आणि तलवारी एका पार्सलमध्ये कधीही मागवू नका. आपल्या देशात तलवारीबद्दल काय नियम आहेत ते आधी वाचा, आणि पैसे भरण्याआधी पाठवणाऱ्याला पावतीवरची भाषा विचारा.

सप्टेंबरात मिटन हातात आले. नवे असताना इतके ताठ की तलवार तीनदा निसटली असती. रोज थोडा वेळ घालून नुसती मूठ उघड-बंद करत राहिले, महिनाभरात सैल झाले. दोऱ्या पहिल्या काही सत्रांनंतर ढिल्या होतात, तेव्हा सगळ्या एकदा आवळून घ्या.

नोव्हेंबरात तपासणी. फॉर्मवर प्रत्येक वस्तूपुढे चौकट आणि प्रशिक्षकांची आद्याक्षरं. जाळीवर बोट फिरवून दबलेली जागा शोधली, बिबवरचा आकडा वाचला, मग बिब खालून दोन बोटांनी वर ढकलून मागे गॉर्जेट दिसतं का ते पाहिलं. मला हनुवटी वर करायला सांगून बाजूने बघितलं. हात वर, खाली बसा, उठा, पाठ करा. गुडघ्याचं पॅड बसल्यावर खाली घसरलं म्हणून तिथे ‘तात्पुरतं’ लिहिलं आणि क्लबचा जोड लावायला सांगितला. शेवटी प्रत्येक बोटावर तीच टकटक. मग वहीत नोंद.

त्याच संध्याकाळी स्टीलची पहिली खेळी झाली, एका जुन्या, शांत हाताच्या सभासदाबरोबर. भीती होतीच. मास्कवर पहिला वार बसला तेव्हा दुखलं काहीच नाही, आवाज मात्र डोकंभर झाला, आणि पुढचे दोन-तीन क्षण मी पापण्या मिटून उभी होते. हे सगळ्यांचं होतं म्हणे. घरी आल्यावर डाव्या कोपराच्या वर एक वळ होता, बोटं दहाच्या दहा ठीक.

देखभालीचं पटकन सांगते. जॅकेट थंड पाण्यात धुवा, ब्लीच अजिबात नको आणि कडक उन्हात दिवसभर वाळत घालू नका. केव्हलारसारखे धागे ब्लीचने आणि अतिनील किरणांनी कमजोर होतात. मास्क पुसून, उलटा न ठेवता, हवेवर सुकवा, नाहीतर जाळीला गंज धरतो. मिटन पिशवीत ओले ठेवले तर वास कायमचा.

गुडघ्याचे पॅड अजून क्लबचेच वापरतेय, नवे मोटोक्रॉसचे दिवाळीनंतरच्या सवलतीत बघेन. फेडरही उधारीचीच आहे, आणि ती घाईने घेण्याचं कारण दिसत नाही: क्लबात वेगवेगळ्या वजनाच्या आणि वेगवेगळ्या लवचीकतेच्या सहज हाताळायला मिळतात. टोचताना पातं सहज वाकेल अशीच घ्यायची एवढं ठरलंय, कारण ताठ पात्याचा सगळा जोर समोरच्याच्या जॅकेटवर जातो. पुढची एकत्र मागणी वसंतात निघेल. त्यात फेडर वेगळ्या पार्सलने येतील, आणि पावतीवर काय लिहायचं ते आम्ही निर्मात्याकडून आधीच लेखी घेतलंय.